एजंट वर्कफ्लोचे सांधे लिहून ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एजंट वर्कफ्लो (म्हणजे भाषा मॉडेलकडून पायरीपायरीने काम करून घेणारी साखळी) बांधताना आणि नंतर तो नव्या माणसाच्या हाती सोपवताना जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच आहे: एका ऑनलाइन विक्रेत्याकडे येणाऱ्या तक्रारींच्या मेलला उत्तर देणारा वर्कफ्लो. त्याच्या सहा पायऱ्या आहेत. मेल वाचून वर्गवारी करायची, ऑर्डर शोधायची, उत्तराचा मसुदा लिहायचा, मसुदा तपासायचा, पैसे परत द्यायचे असतील तर माणसाची मंजुरी घ्यायची आणि मग मेल पाठवायचा. मेल मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणि बरेचदा तिन्हींच्या मिसळीत येतात.

## आमच्याकडे प्रत्येक पायरीचं वर्णन आहे, आकृतीही आहे. मग राहिलं काय?

बाण राहिले. आकृतीत चौकटींना नावं असतात, रंग असतात. ‘वर्गवारी’च्या चौकटीत काय चालतं यावर दोन परिच्छेद सापडतात. तिथून ‘ऑर्डर शोध’कडे जाणाऱ्या रेघेवर मात्र एक अक्षर नसतं.

एखादी पायरी एकटी चालवून पाहा, ती नीट चालते. तिच्या टेस्ट हिरव्या असतात. बिघाड झाला की दोन पायऱ्या लिहिणारे दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. पायरीच्या आत काय आहे ते कोड वाचून कळतं. दोन पायऱ्यांनी एकमेकींबद्दल काय गृहीत धरलंय, हे मात्र कुठल्याच एका फाइलमध्ये नसतं. ते लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असतं, आणि त्यातला एक जण नोकरी बदलून गेलेला असतो.

या पानावर बाणाला ‘सांधा’ म्हटलंय. इंग्रजीत त्याला एज, हँडऑफ, इंटरफेस असं काहीही म्हणतात. आमच्याकडे सांधा हा शब्द रुळला, कारण दुखणं तिथेच असतं.

## हे तर साध्या सॉफ्टवेअरलाही लागू आहे. एजंटमध्ये वेगळं काय?

साध्या प्रोग्रामला चुकीचा इनपुट मिळाला की तो कोसळतो. लाल अक्षरांत एरर येते, ओळ क्रमांक येतो, आपण शिव्या घालत दुरुस्त करतो. भाषा मॉडेल कोसळत नाही, ते सांभाळून घेतं. ऑर्डरचा तपशील आला नाही तरी मसुदा लिहिणारी पायरी छान, नम्र, व्याकरणशुद्ध उत्तर लिहून मोकळी होते. आधीच्या पायरीत काही अडलं होतं याचा मागमूस त्या उत्तरात नसतो.

म्हणजे बिघाड एका ठिकाणी होतो आणि तीन पायऱ्या पुढे, ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये दिसतो. उलट माग काढायचा तर प्रत्येक सांध्यावर काय यायला हवं होतं, हे आधी माहीत असावं लागतं.

## एका सांध्याबद्दल नेमकं काय काय लिहायचं?

आम्ही सात गोष्टी लिहितो. सगळ्या सांध्यांना सातही लागतातच असं नाही. खालचा नमुना एका खऱ्या सांध्याचा आहे. नावं तेवढी मराठीत आणली आहेत.

> सांधा: वर्गवारी → ऑर्डर शोध
> कधी जातं: प्रकार ‘परतावा’, ‘उशीर’ किंवा ‘तुटकी वस्तू’ असेल तर. ‘इतर’ असेल तर इथे न येता थेट मसुद्याकडे.
> काय जातं: ऑर्डर क्रमांक (मजकूर, संख्या नव्हे; सहा इंग्रजी आकडे; पुढची शून्यं तशीच), मेलची भाषा, तक्रारीचं एका वाक्यातलं सार.
> हमी कोण देतं: आकडे इंग्रजी करण्याची जबाबदारी वर्गवारीची. शोध पायरी फक्त तपासते आणि जमलं नाही तर नाकारते.
> रिकामं म्हणजे काय: क्रमांक रिकामा = मेलमध्ये क्रमांक नव्हता. मेल वाचताच आला नाही तर रिकामं पाठवायचं नाही, वेगळी ‘अडलं’ खूण पाठवायची.
> दोनदा आलं तर: हरकत नाही. शोध फक्त वाचतो, काही बदलत नाही.
> बदलायचं असेल तर: नवा प्रकार जोडण्याआधी मसुदा पायरीच्या प्रॉम्प्टमधली (मॉडेलला दिलेल्या सूचनांमधली) यादी बघा. तीच नावं तिथे हाताने लिहिलेली आहेत.

शेवटची ओळ वाचून कुणी म्हणेल, हाताने कशाला लिहिली, एकाच जागेवरून घ्या की. बरोबर आहे, घ्यायलाच हवी. पण जोवर घेतलेली नाही तोवर कागदावर खरं ते लिहिलेलं बरं. डॉक्युमेंटमध्ये आपण कसं असायला हवं होतं ते लिहितो आणि कोडमध्ये दुसरंच असतं. त्यापेक्षा काही न लिहिलेलं परवडतं.

## स्कीमा लिहिला की हे सगळं आपोआप होत नाही का?

बरंचसं होतं, आणि स्कीमा (कुठली फील्ड, कुठल्या प्रकारची, हे सांगणारा माहितीचा साचा) लिहायलाच हवा. २०२४च्या ऑगस्टमध्ये ओपनएआयने स्ट्रक्चर्ड आउटपुट आणलं, तेव्हापासून मॉडेलचं उत्तर ठरलेल्या जेसन (माहिती लिहायची एक ठरावीक पद्धत) साच्यात मिळवणं पुष्कळ सोपं झालंय. पण साचा बरोबर असणं वेगळं आणि अर्थ बरोबर असणं वेगळं.

आमच्यावरच गुदरलेला प्रसंग सांगतो. एका बाईंनी मराठीत तक्रार लिहिली आणि ऑर्डर क्रमांकही देवनागरी आकड्यांत लिहिला, ००४५१२ असा. वर्गवारीची पायरी पायथनमध्ये होती. तिच्या स्कीमात ‘सहा अंक’ अशी अट रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराचा नमुना जुळवणाऱ्या सूत्राने) घातलेली होती. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये अंकाची खूण देवनागरी आकड्यांनाही अंकच मानते, त्यामुळे क्रमांक तपासणीतून पार झाला. पुढची, ऑर्डर शोधणारी पायरी जावास्क्रिप्टमध्ये होती. तिथे तीच खूण फक्त 0 ते 9 या इंग्रजी आकड्यांपुरती चालते. तिने क्रमांक नाकारला आणि रिकामी यादी परत दिली.

लक्षात घ्या, दोन्हीकडे स्कीमा एकच होता, अक्षर न् अक्षर सारखा. तो वाचणाऱ्या दोन लायब्ररींचा निकाल मात्र वेगळा लागला.

पुढे मसुदा पायरीला रिकामी यादी मिळाली. रिकामी यादी म्हणजे ‘अशी ऑर्डर नाही’ हे तिचं गृहीतक. बाईंना उत्तर गेलं: आपल्या क्रमांकाची ऑर्डर आमच्याकडे आढळत नाही. त्यांचं उलट उत्तर एका ओळीचं होतं: ‘मग पैसे कुणी घेतले?’

यातून नमुन्यातल्या दोन ओळी आल्या. आकडे कुठल्या लिपीत आणि ते बदलण्याचं काम कुणाचं, ही एक. आणि रिकामं म्हणजे काय, ही दुसरी. ‘शोधलं, पण नाही’ आणि ‘शोधताच आलं नाही’ या दोन गोष्टी एकाच रिकाम्या कंसात कोंबल्या की पुढची पायरी आपल्या सोयीचा अर्थ घेते. मराठी, हिंदी, बंगाली मजकूर हाताळणाऱ्या कुणालाही हा आकड्यांचा सांधा एकदा तरी दुखवणारच.

क्रमांक मजकूर म्हणूनच पाठवा, हेही त्याच प्रसंगाचं शेपूट. संख्या केली की पुढची दोन शून्यं गळतात.

## आमचा एजंट पुढची पायरी स्वतःच ठरवतो. मग बाण आधीच कसे काढणार?

आधी हे तपासा की तो खरंच ठरवतो का. अँथ्रोपिकने डिसेंबर २०२४मध्ये एजंट बांधण्यावर एक लेख प्रसिद्ध केला, त्यातला भेद इथे कामाचा आहे: ज्यात मार्ग कोडने आखलेला असतो तो वर्कफ्लो, आणि ज्यात मॉडेल स्वतः आपली वाट आणि साधनं निवडतं तो एजंट. ‘आमचा एजंट’ म्हणून जे दाखवलं जातं, त्यातलं बरंचसं पहिल्या प्रकारात बसतं. त्यात चारपाच ठिकाणी मॉडेल बोलावलेलं असतं, बाकी सगळे जर-तर. तिथे बाण नेहमीसारखेच काढता येतात.

वाट खरोखर मॉडेलच ठरवत असेल तर एकेक बाण काढत बसू नका. त्याऐवजी कुंपण लिहा. कुठली साधनं त्याच्या हातात आहेत, कुठलं साधन कुठल्याच्या आधी चालवायला मनाई आहे (आमच्याकडे ‘परतावा दे’ हे ‘ऑर्डर शोध’ झाल्याशिवाय नाही), जास्तीत जास्त किती फेऱ्या, आणि थांबायचं कशावरून. ही मनाई प्रॉम्प्टमध्ये केलेली विनंती आहे की कोडमधला अडसर आहे, हेही लिहा. विनंती आणि अडसर यांत फार फरक आहे, आणि आकृतीत दोन्ही सारखेच दिसतात.

लँगग्राफ (एजंट वर्कफ्लो बांधायची एक लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. त्यात अटीवर वळणारा बाण लिहिताना वळवणारं फंक्शन कुठे कुठे पाठवू शकतं, हे टाइप हिंटने (कोडमध्ये मूल्याचा प्रकार सांगणाऱ्या टिपेने) किंवा नकाशा देऊन सांगता येतं. ते सांगितलं नाही तर आकृती काढणारा कोड गृहीत धरतो की तो बाण कुठल्याही नोडकडे, म्हणजे चौकटीकडे, जाऊ शकतो. मग सहा चौकटींच्या साध्या वर्कफ्लोचं चित्र कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं आणि लोक म्हणतात, आपोआप काढलेली आकृती भिकार असते. आकृतीचा त्यात काही दोष नसतो, माहिती आपणच दिलेली नसते.

## आकृती कशात काढावी?

शक्यतो मजकुरात, म्हणजे मजकुरावरून आकृती काढणाऱ्या मर्मेड किंवा ग्रॅफविझमध्ये. मर्मेड २०१४पासून आहे आणि फेब्रुवारी २०२२पासून गिटहब ते मार्कडाउनमध्ये थेट दाखवतं, त्यामुळे वेगळं चित्र चिकटवावं लागत नाही. खरा फायदा हा की बाण बदलला की तो बदल पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल तपासायला देतात तिथे) एका ओळीच्या फरकासारखा दिसतो आणि तपासणारा विचारू शकतो, ‘हा का हलवला?’ फळ्यावरच्या आकृतीचा व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो बैठकीपुरता ठीक.

डेटा पाइपलाइनच्या जगातून आलेल्यांची एक सवय मोडावी लागते. एअरफ्लोसारख्या साधनांत आलेखाला चक्र चालतच नाही, काम पुढेच जातं. एजंट वर्कफ्लोत उलट चक्रंच महत्त्वाची. आमची तपासणी पायरी मसुदा नापसंत करते आणि मागे पाठवते. हा मागे जाणारा बाण ‘किरकोळ’ म्हणून आकृतीतून गाळलेला मी तीनदा पाहिलाय. त्याच बाणावर सगळा खर्च होत असतो. मागे जाणाऱ्या बाणावर तीन गोष्टी लिहाच: नापसंतीचं कारण सोबत जातं का, जुना मसुदा सोबत जातो का, आणि कितव्या फेरीला हात टेकून माणसाकडे द्यायचं.

## आमच्याकडे बाणांवरून काही जातच नाही. सगळ्या पायऱ्या एकाच सामायिक स्टेटमध्ये वाचतात-लिहितात.

मग सांधे दिसत नाहीत, पण असतात. वाड्यातल्या सामायिक नळासारखं आहे ते: भांडी कुणाची, पाणी कुणी सांडलं, हे कुणालाच माहीत नसतं.

इथे बाणांऐवजी स्टेटमधल्या (सगळ्या पायऱ्यांच्या सामायिक नोंदवहीतल्या) प्रत्येक फील्डची नोंद ठेवा. कोण लिहितं, कोण वाचतं, कोण पुसतं. एका फील्डला लिहिणाऱ्या दोन पायऱ्या निघाल्या की तिथे थांबा आणि विचारा: दुसरी लिहिते तेव्हा पहिलीचं पुसलं जातं की त्यात भर पडते? लँगग्राफमध्ये काही न सांगितल्यास नवं मूल्य जुन्याच्या जागी बसतं. भर घालायची असेल तर रिड्यूसर (जुनं आणि नवं मूल्य कसं एकत्र करायचं ते सांगणारं फंक्शन) द्यावा लागतो. आणि समांतर चालणाऱ्या दोन पायऱ्यांनी रिड्यूसर नसलेल्या एकाच फील्डमध्ये एकाच टप्प्यात लिहिलं तर सरळ एरर येते. एरर येते ते बरंच. जिथे येत नाही तिथलं नुकसान मोठं.

ही नोंद करताना हमखास एकदोन फील्ड अशी सापडतात की जी कुणीतरी लिहितं आणि कुणीच वाचत नाही. आमच्याकडे ‘ग्राहकाचा मूड’ नावाचं एक होतं. प्रत्येक मेलमागे मॉडेलला विचारून भरलं जायचं, टोकन (मॉडेलच्या वापराचं मोजमाप) खायचं, आणि पुढे कुणीही त्याच्याकडे ढुंकून पाहत नव्हतं.

## प्रॉम्प्ट हा डॉक्युमेंटचा भाग धरायचा का?

अख्खा प्रॉम्प्ट नको, तो रिपॉझिटरीत आहेच. पण प्रॉम्प्टमधली जी वाक्यं दुसऱ्या पायरीच्या भरवशावर लिहिलेली आहेत, ती सांध्याच्या नोंदीत हवीत. ‘तुला मिळालेलं सार नेहमी एका वाक्यात असेल’ असं मसुद्याच्या प्रॉम्प्टमध्ये लिहिलंय. ते खरं ठेवण्याचं काम वर्गवारीचं. वर्गवारीच्या प्रॉम्प्टवर काम करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर एक दिवस तो सार तीन वाक्यांचं करेल, त्याच्या टेस्टमध्ये सुधारणाच दिसेल, आणि इकडे उत्तरं फुगायला लागतील.

शब्दांचंही तसंच. एका प्रॉम्प्टमध्ये ‘परतावा’, दुसऱ्यात ‘रिफंड’. माणसाला एकच, मॉडेललाही बहुतेक वेळा एकच, पण मधल्या जर-तरला दोन वेगळे. म्हणून प्रकारांची यादी एकाच जागी ठेवा आणि दोन्ही प्रॉम्प्ट तिथूनच भरा.

आणखी एक बारकी गोष्ट: मॉडेल का थांबलं, हे पुढे जातं का? उत्तर पूर्ण होऊन थांबलं, टोकनची मर्यादा संपून मध्येच तुटलं, की नकार दिला? तुटलेला मसुदा तपासणीकडे ‘मसुदा’ म्हणूनच गेला तर तपासणारं मॉडेल त्याच्या आशयावर गुण देत बसतं.

## एखादी पायरी पुन्हा चालवली गेली तर? ते कुठे लिहायचं?

‘दोनदा आलं तर’ या ओळीत, आणि ती ओळ कधीच मोकळी सोडू नका. फक्त वाचणाऱ्या पायऱ्यांना प्रश्न नाही. बाहेरच्या जगाला हात लावणाऱ्या पायऱ्यांवर, म्हणजे मेल पाठवणं, पैसे परत करणं, तिकीट उघडणं, यांवर ठळक खूण करा. आमच्या आकृतीत त्या चौकटी लाल आहेत, बाकी एकही रंग वापरलेला नाही.

अशा चौकटीत येणाऱ्या प्रत्येक बाणावर विनंतीचा एक कायमचा क्रमांक असायला हवा, म्हणजे तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर पाठवणारी पायरी ओळखेल आणि गप्प बसेल. हा क्रमांक कोण तयार करतं हे लिहा. पाठवणाऱ्या पायरीनेच तयार केला तर उपयोग शून्य, कारण पुन्हा चालताना ती नवा तयार करेल.

इथे लँगग्राफमधली एक गोष्ट पुष्कळांना चकवते. माणसाच्या मंजुरीसाठी नोडच्या मध्यावर इंटरप्ट (काम तिथेच थांबवणारी ओळ) घातलं आणि मंजुरी आल्यावर काम पुढे सुरू केलं, तर तो नोड जिथे थांबला होता तिथून सुरू होत नाही, पहिल्या ओळीपासून पुन्हा चालतो. इंटरप्टच्या आधी ‘व्यवस्थापकाला मेल पाठव’ अशी ओळ असेल तर मेल दोनदा जाणार. आकृतीत हे कधीच दिसत नाही, चौकट एकच असते. म्हणून कोडमध्ये मंजुरी मागणं आणि कळवणं वेगळ्या नोडमध्ये टाका, किंवा निदान नोंदीत लिहा.

## माणसाची मंजुरी ही ‘पायरी’ म्हणून लिहायची?

हो, आणि तिचे सांधे सगळ्यात तपशिलात. मंजुरी देणाऱ्याच्या पडद्यावर काय दिसतं? फक्त मसुदा, की ग्राहकाचा मूळ मेलही? आमच्याकडे पहिले काही आठवडे फक्त मसुदा दिसायचा. मसुदे वाचायला छानच असायचे, त्यामुळे सगळे मंजूर. मूळ मेल शेजारी दिसायला लागल्यावर नकार सुरू झाले.

मग परत येणारा बाण. माणूस ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणू शकतो, की मसुद्यात खाडाखोड करू शकतो? खाडाखोड केली तर ती पुन्हा तपासणीतून जाते की थेट पाठवली जाते? आणि उत्तरच आलं नाही तर किती वेळ थांबायचं? गौरी-गणपतीत मंजुरी देणारे दोघंही गावी गेले, तर पैशांची वाट पाहणाऱ्या ग्राहकाला निदान ‘विचार चालू आहे’ असा मेल कोण पाठवतं? लिहिताना हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, सप्टेंबरमध्ये वाटत नाही.

## ट्रेस आहेत की. कोणती पायरी कुठून कुठे गेली हे सगळं तिथे दिसतं.

ट्रेस (काम कुठून कुठे गेलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) काय झालं ते सांगतात. काय व्हायला हवं होतं ते सांगत नाहीत. ज्या वाटेने अजून कुणी गेलंच नाही, ती वाट ट्रेसमध्ये नसते, आणि रात्री दोनला नेमका तिथूनच मेल जातो.

पण दोन्हींची सांगड जरूर घाला. ओपनटेलिमेट्री (ट्रेस गोळा करायचं खुलं साधन; २०१९मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प एकत्र करून ते उभं राहिलं) वापरत असाल तर स्पॅनची (ट्रेसमधल्या एकेका टप्प्याची) नावं आणि आकृतीतल्या चौकटींची नावं एकच ठेवा. ऐकायला फुटकळ वाटतं, पण आकृतीत ‘तपासणी’ आणि ट्रेसमध्ये ‘व्हॅलिडेटर-टू-न्यू’ असेल तर अडचणीच्या वेळी अर्धा तास भाषांतरातच जातो. पायऱ्या वेगवेगळ्या सर्व्हिसमध्ये असतील तर ट्रेसचा संदर्भ सांध्यावरून पुढे जातो का, हेही नोंदीत हवं. रांगेतून निरोप जाताना तो हमखास गळतो आणि एकाच मेलचे दोन तुटक ट्रेस दिसतात.

## एमसीपी वापरलं तर सांध्यांचं वर्णन त्यातच येतं ना?

आकाराचं येतं. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४मध्ये खुलं केलेलं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी; मॉडेलला बाहेरच्या साधनांशी जोडायची ठरलेली पद्धत) प्रत्येक साधनाला नाव आणि इनपुटचा स्कीमा द्यायला लावतं, वर्णनही देता येतं. जून २०२५च्या आवृत्तीपासून आउटपुटचाही स्कीमा देता येतो. गूगलने एप्रिल २०२५मध्ये मांडलेल्या एजंट-टू-एजंट प्रोटोकॉलमध्ये एजंट कार्ड असतं, त्यात तो एजंट काय काय करू शकतो ते लिहिलेलं असतं.

हे दोन्ही एका बाजूचं वर्णन आहे. साधन म्हणतं, मी हे घेतो आणि हे देतो. तुमच्या वर्कफ्लोत ते कधी बोलवायचं, रिकामं आलं तर काय समजायचं, दुसऱ्यांदा बोलवलं तर चालेल का, हे त्यात असेलच असं नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: साधनाचं वर्णन माणसं वाचतात तसं मॉडेलही वाचतं, आणि त्यावरूनच ते बोलवायचं की नाही ठरवतं. त्यामुळे तिथला शब्द बदलणं म्हणजे वागणूक बदलणं. ‘जरा इंग्रजी सुधारलं’ म्हणून कुणी ते वर्णन बदललं तर तो बदल कोडइतकाच कसून तपासा.

## हे डॉक्युमेंट एजंटकडूनच लिहून घेतलं तर?

पहिला खर्डा जरूर घ्या, वेळ वाचतो. पण प्रत्येक बाणापुढे फाइल आणि ओळ लिहायला सांगा आणि त्यातले काही स्वतः उघडून बघा. मॉडेलला नेटकेपणाची ओढ असते. जिथे मागे जाणारा बाण असायला हवा असं त्याला वाटतं तिथे ते तो काढून ठेवतं, कोडमध्ये असो वा नसो. आणि ‘का’ हा रकाना त्याला भरू देऊ नका. तीन सेकंदांचाच टाइमआउट का ठेवला, याचं पटण्याजोगं कारण ते लिहील. खरं कारण असं असतं की जुना सर्व्हर तेवढ्यातच दम टाकायचा, आणि तो सर्व्हर केव्हाच बंद झालाय.

## मराठीत लिहावं की इंग्रजीत?

फील्डची, फंक्शनची, पायऱ्यांची नावं कोडमध्ये आहेत तशीच. बाकी मजकूर टीम ज्या भाषेत भांडते त्या भाषेत. आमच्याकडे दोन सहकारी चेन्नईचे आहेत म्हणून मुख्य नोंद इंग्रजीत आहे, पण ‘रिकामं म्हणजे काय’ ही ओळ आधी बैठकीत मराठीत बोलून मग इंग्रजीत उतरवतो. उलट केलं की सगळे माना डोलावतात आणि कुणालाच काही कळलेलं नसतं.

## लिहिलेलं महिन्याभरात शिळं होतं. त्याचं काय?

होतं. म्हणून जे कोडमधून काढता येतं ते हाताने लिहू नका. आकृती कोडमधून काढून फाइलमध्ये ठेवा, आणि सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) ती पुन्हा काढून जुळवा. फरक निघाला तर बिल्ड लाल. म्हणजे बाण बदलणाऱ्याला नवी आकृती कमिट करावीच लागते. हाताने लिहायच्या उरतात त्या फक्त अर्थाच्या ओळी: रिकामं, दुसऱ्यांदा, हमी, का. त्या कोडच्या शेजारीच ठेवा. वेगळ्या विकीत गेल्या की संपलं.

## आमच्या वर्कफ्लोच्या तीनच पायऱ्या आहेत. एवढा खटाटोप हवा?

नको. दोन सांधे आहेत, प्रत्येकी चार ओळी लिहा, रीडमीत टाका आणि कामाला लागा. मात्र तिसरी पायरी बाहेर काही पाठवत असेल तर ‘दोनदा आलं तर’ सोडू नका.

## प्रत्येक सांध्याची नोंद कुणी लिहायची, देणाऱ्याने की घेणाऱ्याने?

घेणाऱ्याने लिहायची आणि देणाऱ्याने सही करायची. देणाऱ्याला आपण काय पाठवतो ते माहीत असतं. त्यातल्या कशावर पुढचा विसंबून आहे, ते नसतं. आम्ही दोघांना एका टेबलाशी बसवतो, घेणारा मोठ्याने वाचतो: ‘मला सहा इंग्रजी आकडे मिळतात, कधीच रिकामे नसतात.’ देणारा एकतर मान हलवतो किंवा म्हणतो, ‘थांब, रिकामे येतात की कधीकधी.’ दुसरं वाक्य ऐकू आलं की चहा मागवायचा आणि तो सांधा त्याच बैठकीत पुरा करायचा.